कलमाच्या चाकूला किती पैसे घालावेत?

त्यागीजींनी माझ्या टेबलावर तीन चाकू ओळीने मांडले आणि खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, इनमें से कोई एक फायनल कर दीजिए. फाइल बंद करनी है."

त्यागीजी आमच्या कंपनीचे परचेस ऑफिसर. खतापासून खुर्चीपर्यंत सगळी खरेदी त्यांच्या सहीने होते. माणूस सरळ आहे, पण एखादी फाइल उघडी राहिली की त्यांना जेवण जात नाही. मी त्याच कंपनीत प्रॉडक्शन बघते. आमचं प्रॉडक्शन म्हणजे झाडं. गाझियाबादच्या बाहेर, हिंडन नदीच्या पलीकडे आमची नर्सरी आहे. फार्महाऊसवाले, बिल्डर, मोठ्या सोसायट्या यांना आम्ही झाडं पुरवतो. मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, शेतीचं शिक्षण दापोलीला. लग्न होऊन इकडे आले त्याला सोळा वर्षं झाली. हापूसच्या मुलखातली बाई इकडच्या दशहरी आंब्याची कलमं विकते म्हणून माहेरी माझी यथेच्छ चेष्टा होते.

तिन्ही चाकू घडीचे होते. पातं मिटून मुठीत जातं आणि चाकू खिशात राहतो, तसे. पहिला एकशे ऐंशी रुपयांचा, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा. दुसरा साडेनऊशेचा. तिसरा परदेशी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, पितळेच्या कडा, जुन्या पद्धतीने बनवलेला. किंमत साडेसहा हजार. हा तिसरा मी सॅम्पल म्हणून मागवून घेतला होता आणि त्यागीजी त्याला बोट न लावता लांबूनच बघत होते.

"रूल तो आपको पता है," ते म्हणाले. "जो सबसे सस्ता, वही पास."

"त्यागीजी, इससे तो सेब भी ठीक से नहीं कटेगा."

"सेब काटने के लिए थोड़ी ना ले रहे हैं."

बरोबरच होतं त्यांचं.

आता चाकूत एवढं काय आहे ते सांगते. आंब्याचं कलम म्हणजे दोन झाडांचं लग्न. कोयीपासून वाढवलेलं रोप असतं, त्याला खुंट म्हणतात. चांगल्या जातीच्या झाडाची पेन्सिलीएवढी फांदी घेतात, ती काडी. खुंटाचा शेंडा छाटून त्याला मधोमध उभी चीर द्यायची. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करायचं. पाचर चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सालीच्या आत एक हिरवट, ओलसर थर असतो. दोघांचे थर एकमेकांना टेकले तर जीव एक होतो आणि महिन्याभरात काडीला पालवी फुटते. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी काडी काळी पडते. म्हणून काप एका झटक्यात, आरशासारखा सपाट यावा लागतो. दोनदा चाकू फिरवला की काप बिघडला.

स्वस्त चाकूचं पातं मऊ असतं. वीस-पंचवीस काड्या तासल्या की धार जाते आणि चाकू कापण्याऐवजी चिरडायला लागतो. मग माळी दर अर्ध्या तासाने उठून दगडावर घासत बसतो. चांगलं पोलाद महाग असतं, गंजतंही लवकर, पण दुपारपर्यंत धार धरतं. दात कोरून पोट भरत नाही, हे मी त्यागीजींना हिंदीत कसं सांगावं याचा विचार करत होते. तेवढ्यात त्यांनीच मार्ग काढला. "साठे सर से लिखवा लीजिए. फिर मुझे क्या."

साठे सर आमचे जनरल मॅनेजर, पुण्याचे. ते दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या हेड ऑफिसात बसतात. ऑफिसात सगळ्यांशी हिंदीत बोलतात. माझ्याशी मराठीत बोलतात ते फक्त ओरडायचं असलं की. दुसऱ्या दिवशी मी मेट्रोने गेले, चाकू पर्समध्ये नेता येणार नाही हे लक्षात घेऊन फक्त फोटो नेले.

सरांनी फोटो पाहिले, खाली लिहिलेल्या किमती पाहिल्या आणि थेट मराठीतच सुरुवात केली.

"चाकू आहे की मोबाइल? अगं, एक कलम आपण विकतो दीडशे रुपयांना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"सर, हा चाकू दहा वर्षं चालतो."

"आणि माळी? माळी दहा वर्षं टिकणार आहे का आपल्याकडे?"

खरा मुद्दा तोच होता आणि तो त्यांनीच काढला हे बरं झालं. आमच्याकडे कलमं बांधणारे नऊ जण आहेत, सगळे कॉन्ट्रॅक्टवर. त्यांचे उस्ताद नफीसभाई. वय पंचावन्न, सहारनपूरकडचे. त्या भागात कलमं बांधणारी घराणीच्या घराणी आहेत, त्यातलेच हे. ते सहा वर्षं आमच्याकडे होते आणि मी तीन वर्षं त्यांना पक्कं करून घ्या म्हणून सरांच्या मागे लागले होते. पक्कं म्हणजे कंपनीच्या रोलवर. महिन्याचा ठरलेला पगार, पीएफ, आजारी पडलं तर रजा. कॉन्ट्रॅक्टवाल्याला यातलं काहीच नसतं. बांधलेल्या कलमांवर पैसे, ताप आला की पैसे बंद. त्यातच एका ठेकेदाराने सरांना सांगितलं होतं की माझी टोळी घ्या, कमी दरात करून देतो. नफीसभाईंचा करार सप्टेंबरअखेर संपत होता.

"सर, शंभरातली ऐंशी कलमं जगवणारा माणूस आहे. तो गेला तर ठेकेदाराची टोळी पन्नास जगवेल. हिशेब तुम्हीच करा."

"गेल्या वर्षी ऐंशी. या वर्षीचं काय?"

"या वर्षी चांगला चाकू द्या, बघा काय ते."

सरांनी पेन खाली ठेवलं. "बरं. एकच चाकू. बाकीच्यांना तो साडेनऊशेवाला घे. जूनअखेर नफीसने तीनशे कलमांचा एक वेगळा लॉट बांधायचा. शंभरी पंचाहत्तर जगली तर ऑक्टोबरपासून रोलवर घेतो. नाही तर ठेकेदार. नंतर मला सेंटिमेंट सांगायचं नाही."

मी खूश होऊन बाहेर पडले. एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी परत येताना मी स्वतःवर फारच प्रसन्न होते.

चाकू देण्याचा कार्यक्रमही मी केला. नफीसभाईंना ऑफिसात बोलावलं. त्यांचा स्वतःचा चाकू मी आधी पाहिला होता. गावच्या लोहाराने कधीतरी बनवलेला, घासून घासून पातं अर्धं उरलेलं, खिळा सैल झाल्यामुळे मुठीत डुगडुगणारं. तो लोहार आता हयात नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. नवा चाकू मी डब्यातून काढला आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. हातात दिला नाही. चाकू, कात्री, मिरची कोणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, हे मला आईने सांगितलेलं. कृषी पदवीधर असले तरी यात मी कच खात नाही. नफीसभाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला, कपाळापाशी नेला.

"कितने का है, मॅडम जी?"

मी किंमत सांगितली. सांगायला नको होती. त्यांनी चाकू जरा लांब धरला, काचेचा असावा तसा.

"अब वो पुराना वाला घर पर रख दीजिए," मी म्हणाले. "प्याज काटने के काम आएगा. लॉट पूरा इसी से कीजिए."

"जी," ते म्हणाले.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तीनशे कलमं बांधून झाली. शेडनेटखाली, वेगळ्या वाफ्यात, पाटी लावून. मी रोज चक्कर मारत होते. हवेत दमटपणा भरपूर होता, काड्या मी स्वतः निवडून दिल्या होत्या, खुंट एकसारखे. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या वाफ्यातल्या, इतरांनी बांधलेल्या कलमांना तांबूस पालवी दिसायला लागली. नफीसभाईंच्या वाफ्यात मधूनमधून. काड्या काळ्या पडत होत्या. महिना झाल्यावर मोजलं. तीनशेपैकी एकशे अठरा.

मी दोनदा मोजलं. मग त्यागीजींना मोजायला लावलं. ते माझ्यापेक्षा दोन कमी म्हणाले.

मेलेली वीस-पंचवीस कलमं मी ऑफिसात आणली आणि पट्ट्या सोडून पाहिली. रोग नव्हता, बुरशी नव्हती. पण पाचरीचा काप सपाट नव्हता. मधोमध किंचित खोल, चमच्यासारखा. खुंटाला दोन्ही टोकं टेकत होती आणि मध्ये पोकळी. एखाद-दुसरं असं निघालं असतं तर ठीक, इथे जवळजवळ सगळीच तशी.

मी म्हटलं, चाकूत दोष असेल. चाकू मागवला, पेरूची एक फांदी घेतली आणि स्वतः तासून पाहिली. लोण्यातून जावा तसा गेला. काप इतका सपाट की मीच दोन मिनिटं बघत बसले. आणखी पाच काड्या तासल्या, पाचही तशाच. म्हणजे चाकू उत्तम. मग उरलं कोण?

नफीसभाईंना विचारलं. ते मान खाली घालून उभे होते.

"कुछ तकलीफ है? नजर की, हाथ की?"

"नहीं मॅडम जी. हमारी ही कमी है."

बस्स, एवढंच. चाकूला एका शब्दाने बोल लावला नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे मी आयुष्यभर पाहिलेत. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि माणूस म्हणत होता, मलाच नाचता येत नाही. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी काय विचार केला ते सांगायला मला आवडत नाही, तरी सांगते. मला वाटलं, वय झालं. हात थरथरत असेल. साठे सरांचा फोन आला तेव्हा ते नेमकं हेच म्हणाले, "वय झालं गं त्याचं, मान्य कर," आणि मी गप्प बसले. तीन वर्षं ज्या माणसासाठी भांडले, त्याच्यासाठी एक वाक्य बोलले नाही.

सरांनी रिपोर्ट आठवड्याभरात मागितला. लिहायला बसले आणि 'कारण' या रकान्यापाशी अडले. 'वय' असं लिहायचं तर निदान हात थरथरताना बघायला तरी हवा, एवढी प्रामाणिक मी होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कोणी ठरवलेली नाही, पण आहे. मॅडम आल्या की माळी काम थांबवून उठून उभे राहतात. मी "बैठिए, बैठिए" म्हणते, ते "जी" म्हणतात आणि मी जाईपर्यंत उभेच असतात. मग मी बांधून झालेली कलमं हातात घेऊन तपासते, दोन सूचना देते आणि पुढे जाते. सहा वर्षं असंच चाललं होतं. त्या दिवशी मी नफीसभाईंच्या शेजारचं रिकामं पोतं ओढलं आणि खाली बसले.

"मॅडम जी, कपड़े खराब होंगे."

"होने दीजिए. आप बाँधिए, मैं देखूँगी."

ते अवघडले. इकडेतिकडे पाहिलं. मी हलत नाही म्हटल्यावर बसले, उजव्या हाताने काडी उचलली आणि डाव्या हाताने चाकू उघडला.

डाव्या हाताने.

घरी मी साधी सुरी वापरते, तिला दोन्ही बाजूंनी धार असते, कोणत्याही हाताने कापा. कलमाच्या चाकूचं तसं नाही. त्याला धार एकाच बाजूने लावलेली असते. एक बाजू उतरती, दुसरी पूर्ण सपाट. सपाट बाजू काडीला लागून सरकते, म्हणून काप सपाट येतो. उजव्या हाताच्या माणसासाठी सपाट बाजू एकीकडे, डावखुऱ्यासाठी दुसरीकडे. उजवा चाकू डाव्या हातात धरला तर उतरती बाजू लाकडाला लागते. सुताराची पटाशी उलटी धरल्यासारखं होतं. पातं सरळ जात नाही, आत शिरतं आणि वर येतं. काप चमच्यासारखा होतो.

हे मला दापोलीला शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंही असेल.

"नफीसभाई, आप लेफ्टी हैं?"

ते ओशाळले, चोरी पकडल्यासारखे. "बचपन से. खाना-लिखना सब सीधे हाथ से सिखाया अब्बा ने, मार-मार के. बस चाकू नहीं बदला हमसे."

तेव्हा मला एकेक गोष्ट दिसायला लागली. हजेरीवर सही उजव्या हाताने. सलाम उजव्या हाताने. माझ्यासमोर चहाचा कप उजव्या हाताने, कारण मोठ्यांसमोर डावा हात पुढे करत नाहीत. चाकू मी हातात दिला असता तर निदान डावा हात दिसण्याची एक शक्यता होती. तो मी टेबलावर ठेवला आणि त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. मी सहा वर्षं या माणसाच्या कामाचं कौतुक करत होते आणि हा कोणत्या हाताने काम करतो हे मला माहीत नव्हतं.

"वो पुराना चाकू उल्टी धार का था?"

"जी. लोहार ने हमारे हाथ का बनाया था."

"तो बताया क्यों नहीं? पहले दिन ही समझ आ गया होगा आपको!" माझा आवाज चढला. राग त्यांच्यावर नव्हता, पण निघाला त्यांच्यावरच.

त्यांनी चाकूची घडी घातली. मग म्हणाले, "चालीस साल से कलम बाँध रहे हैं, मॅडम जी. किसी मालिक ने आज तक चाकू खरीद के नहीं दिया. आपने इतना महँगा मँगवाया. कैसे कहते कि गलत है? सोचा, हाथ को ही सिखा लेंगे. आखिर के साठ-सत्तर तो सीधे हाथ से बाँधे हैं."

"नौकरी चली जाती तो?"

"वो तो है," ते म्हणाले.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. मी उठले आणि नळावर जाऊन उगीचच हात धुतले.

पुढचा प्रश्न रिपोर्टचा होता. साठे सरांना फोनवर सांगितलं तर पंधरा मिनिटं बोलणी खावी लागतील, समोर गेलं तर पाच, असा अनुभव आहे. म्हणून गेले. सगळं सांगितलं.

"म्हणजे साडेसहा हजार पाण्यात," सर म्हणाले.

"माझ्या पगारातून कापा."

"पगाराचं नाटक नको. ऑर्डर करताना डावा-उजवा विचारतात का?"

"विचारतात. एक छोटा चौकोन असतो. मी तो रिकामा सोडला होता. रिकामा सोडला की उजवा येतो."

सर हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "किंमत मात्र तीनदा तपासली असशील."

"पाचदा."

"मग रिपोर्टमध्ये हेच लिही. कारण: साधनाची चुकीची निवड. जबाबदार कोण, तिथे तुझं नाव. अप्रेझलला ते वर येईल, मी अडवणार नाही."

"लिहिते. पण नफीसभाईंना दुसरा लॉट द्या."

"सेंटिमेंट?"

"नाही सर. पहिला लॉट त्यांचा नव्हताच. तो माझा होता."

त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "दीडशे कलमं. पंधरा ऑगस्टच्या आधी बांधून झाली पाहिजेत. अट तीच, शंभरी पंचाहत्तर. चाकू कुठून आणायचा तो आण, पण या वेळी मला किमती दाखवू नकोस, कामाचा आण."

परदेशी कंपनीकडे डाव्या हाताचा चाकू होता, पण यायला दोन महिने लागणार होते. जुन्या चाकूचा खिळा आता बसतच नव्हता. नफीसभाईंनीच सुचवलं की रामपूरला एक जुना कारागीर आहे, त्याच्याकडे जाऊ. रामपूरचं नाव काढताच त्यागीजी खुर्चीतून अर्धे उठले.

"मॅडम, रामपुरी? कंपनी के बिल पे? पुलिस उठा ले जाएगी!"

पूर्वीच्या हिंदी सिनेमातले गुंड खटका दाबून उघडतात तो रामपुरी चाकू, त्यागीजींच्या डोळ्यांसमोर तोच. खटक्याच्या लांब चाकूला परवाना लागतो हे खरं आहे. आम्हाला हवा होता साधा, नखाने उघडायचा, बोटभर पात्याचा. हे मी त्यांना कागदावर लिहून सही करून दिलं तेव्हा कुठे त्यांनी गाडीचा खर्च मंजूर केला.

सकाळी निघालो आणि दुपारी पोचलो. दुकान एका गल्लीत, एवढंसं. पुढे तीन-चार चाकू काचेत, मागे भट्टी. कारागीर सत्तरीचे. मी पर्समधून चाकूचा फोटो काढला आणि म्हणाले, "ऐसा चाहिए, अच्छे से अच्छा. कितने तक का बनेगा?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. नफीसभाईंना म्हणाले, "चलाएगा कौन? आप? हाथ दिखाइए."

नफीसभाईंनी सवयीने उजवा हात पुढे केला. मी म्हणाले, "वो नहीं, दूसरा."

म्हाताऱ्यांनी डावा हात उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याचा घट्टा दाबला. मग आतून कडुनिंबाची एक फांदी आणली, स्वतःचा चाकू दिला आणि म्हणाले, "काटो." नफीसभाईंनी कापलं. "फिर से. धीरे." मनगट कसं वळतं, अंगठा कुठे टेकतो, काडी किती जाड, दिवसात किती कलमं, बसून की उभ्याने, सगळं विचारलं. मुठीसाठी शिसमाचे दोन तुकडे हातात देऊन पाहिले आणि बारीक होता तो घेतला. पाऊण तास गेला. किमतीचं अक्षर नाही. मी दोनदा विषय काढला, दोनदा त्यांनी न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी म्हणाले, "चौदह सौ. चार दिन बाद ले जाना."

नफीसभाईंना ते फार वाटले, मला फार कमी. मी म्हणाले, "ज्यादा लगे तो भी चलेगा. चीज बढ़िया होनी चाहिए."

"बीबी जी, इससे ज्यादा का काम इसमें है ही नहीं," ते म्हणाले. "और इससे कम में बनाऊँ तो कहीं न कहीं बेईमानी करनी पड़ेगी."

खरेदीखात्याच्या ट्रेनिंगला मी दोनदा बसले आहे. तिथे हे कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी नफीसभाई स्वतः बसने जाऊन चाकू घेऊन आले. दीडशे कलमं ऑगस्टच्या बारा तारखेला बांधून झाली. या वेळी मी रोज जात होते, पण पोत्यावर बसत होते. पहिले दोन दिवस ते अवघडले, तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम जी, जरा उधर सरकिए, रोशनी रुकती है." त्या वाक्याचा मला झालेला आनंद मी कोणाला समजावू शकणार नाही.

सप्टेंबरच्या मध्याला साठे सर स्वतः आले आणि स्वतः मोजलं, बुटांना चिखल लावून घेत. दीडशेपैकी एकशे एकतीस. सर नफीसभाईंना हिंदीत म्हणाले, "बहुत बढ़िया," आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "रिपोर्टमधलं तुझं नाव तसंच राहील." तसंच राहिलं. त्या वर्षी माझी इन्क्रिमेंट निम्मी झाली. ऑक्टोबरच्या एक तारखेला नफीसभाई रोलवर आले. पीएफच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं, थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मग उजव्या हातानेच सही केली.

लोक मला विचारतात, कलमाच्या चाकूवर किती खर्च करावा? हौशी बागवाले विचारतात, इतर नर्सऱ्यांचे लोक विचारतात. एकशे ऐंशीचा घेऊ नका, एवढं नक्की सांगते. त्याच्या वर माझ्याकडे आकडा नाही. आता आमच्या खरेदीच्या फॉर्मवर पहिला रकाना आहे, चाकू चालवणाऱ्याचं नाव. दुसरा, हात कोणता. किमतीचा रकाना सगळ्यात शेवटी. त्यागीजींना हे अजून पटलेलं नाही, पण फॉर्म भरतात.

तो फॉर्म पहिल्यांदा भरून घेतला तेव्हा मी नऊही जणांपाशी पोत्यावर बसून आले. नऊपैकी दोघं डावखुरे निघाले. एक नफीसभाई. दुसरा सुभाष, पाच वर्षं आमच्याकडे आहे. त्याची कलमं शंभरात साठाच्या वर जगत नाहीत म्हणून मी दरवर्षी त्याला हात सफाईदार ठेव असं सुनावत आले होते.